‘गर्दी’ म्हणजे रेटारेटी नव्हे

निवडणूक जवळ आली की मराठी वृत्तपत्रांत एक मथळा हमखास झळकतो : ‘इच्छुकांची भाऊगर्दी’. उमेदवारी मागणाऱ्यांची झुंबड, एवढाच त्याचा आजचा अर्थ. त्यातले ‘भाऊ’ म्हणजे सदाशिवरावभाऊ, आणि ‘गर्दी’ म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर उडालेला हलकल्लोळ, हे मथळा लिहिणाऱ्याच्या क्वचितच ध्यानी येते.

वर्तमानपत्रे छापली जाण्यापूर्वी बातमी पत्रांतून फिरत असे. दिल्लीतील हिंगण्यांसारखे पेशव्यांचे वकील दरबाराच्या आणि फौजांच्या हालचाली पुण्यास कळवीत. त्या काळच्या अशा पत्रांत ‘गर्दी जाहली’ असे येते, तेव्हा माणसे जमली एवढेच सांगायचे नसते. कधी तो दंगा असतो, कधी लूट, कधी हातघाईची लढाई, तर कधी धनी पडल्यावर माजलेला गोंधळ. यांपैकी नेमके काय, हे मागचापुढचा मजकूर वाचूनच ठरते. ‘फौज गर्दीस मिळाली’ या वाक्याचा अर्थ तर थेट ‘फौज नष्ट झाली’ असा. फारसीत ‘गर्द’ म्हणजे धूळ; गर्दीस मिळणे म्हणजे धुळीस मिळणे. आजच्या अर्थाने वाचणाऱ्याला मात्र ती फौज जमावात मिसळून गेली असे वाटेल, आणि हजारो मेलेली माणसे एका वाक्यात नाहीशी होतील.

(‘गारदी’ हा शब्द निराळा. तो ‘गार्ड’ या युरोपीय शब्दाच्या घराण्यातला. इब्राहिमखान गारदी तोफा-बंदुकांच्या कवायती फौजेचा सरदार होता. गर्दी करणारा म्हणून त्याला ते नाव पडलेले नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांचा खून केला, तेव्हा मात्र गारदी आणि गर्दी दोन्ही एकाच वाड्यात होते.)

दिल्लीकरांनी या शब्दाला कर्त्याचे नाव जोडले. १७५३ साली सूरजमलच्या जाटांनी जुनी दिल्ली लुटली, ती जाटगर्दी. अब्दालीची ती शाहगर्दी. आणि याच मालिकेत मराठागर्दीही आहे. मराठी इतिहासप्रेमी पहिली दोन नावे उत्साहाने सांगतात. तिसऱ्याशी आले की आवाज उतरतो. १७६० साली भाऊंनी दिल्ली घेतली, खर्चाची ओढ होती म्हणून लाल किल्ल्यातील दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवून नाणी पाडली. फौज उपाशी होती, हे खरे. पण शब्दाची मालकी ज्याने सोसले त्याच्याकडे असते, फौजेच्या अडचणीकडे नव्हे. जाटगर्दी हा पुरावा मानायचा आणि मराठागर्दी ही बदनामी, असा दुहेरी हिशेब इतिहासात चालत नाही.

‘भाऊगर्दी’ची गंमत, किंवा शोकांतिका म्हणा, अशी की तेथे नाते उलटते. मराठीने हा शब्द जपला तो भाऊंनी केलेल्या लुटीसाठी नव्हे, भाऊंवर कोसळलेल्या संकटासाठी. एकच प्रत्यय दिल्लीत करणाऱ्याच्या नावाला लागला आणि महाराष्ट्रात सोसणाऱ्याच्या.

हिंदीने त्यातली हिंसा अजून सोडलेली नाही. ‘गुंडागर्दी’त ती शिल्लक आहे. मराठीत ती लोकलच्या डब्यापाशी आणि देवळाच्या रांगेत येऊन विसावली. दिल्लीच्या आसपास मात्र त्या अस्थिर वर्षांची आठवण पुढे कितीतरी काळ एकाच नावाने निघे : ‘गर्दी का वक्त’.