नोंदणी ही मेहेरबानी नव्हे

श्रीपेरुंबुदूर हे नाव आपल्यापैकी पुष्कळांना दोन कारणांनी ठाऊक असते. रामानुजाचार्यांचे ते जन्मस्थान. आणि २१ मे १९९१ रोजी राजीव गांधींची हत्या झाली तीही तेथेच. चेन्नईहून बंगळूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील या गावाने अलीकडे तिसरी ओळख मिळविली आहे. मोटारी, दूरध्वनिसंच, शीतकपाटे बनविणाऱ्या कारखान्यांची जी रांग त्या परिसरात उभी राहिली, तिच्यातील एका कारखान्याच्या कामगारांनी २०२४ साली एक साधा प्रश्न विचारला: आम्हांस संघटना करण्याचा अधिकार आहे की नाही? याचे उत्तर मिळण्यास सहा महिन्यांहून अधिक काळ लागावा, ही गोष्ट कामगारांपेक्षा आपणांस, म्हणजे सरकारी मेजामागे बसणाऱ्यांस, अधिक अंतर्मुख करावयास हवी.

हकीकत थोडक्यात अशी. सॅमसंगचा हा कारखाना २००७ पासून चालू आहे आणि त्यात सुमारे १,८०० कामगार आहेत. त्यांतील बहुसंख्यांनी सिटूच्या साहाय्याने संघ स्थापून २०२४ च्या मध्यास नोंदणीसाठी अर्ज केला. संघाच्या नावात आपले नाव येते, यास कंपनीने हरकत घेतली आणि अर्ज पडून राहिला. ९ सप्टेंबरला संप सुरू झाला तो ३७ दिवस चालला. मोर्चा काढणाऱ्यांची धरपकड झाली; संपकऱ्यांचा मंडप पोलिसांनी उतरविला. ऑक्टोबरच्या मध्यास मंत्र्यांच्या मध्यस्थीने संप मिटला, पण नोंदणी झाली नव्हतीच. अखेर मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबरात सहा आठवड्यांची मुदत घालून दिली, तेव्हा २७ जानेवारी २०२५ रोजी संघाची नोंद झाली.

आपल्या मंडळींत या प्रकरणाची चर्चा निघाली की सूर बहुधा एकच लागतो: ‘पगार तर बरे होते, मग हा उपद्व्याप कशाला? अशाने भांडवल पळून जाईल.’ हा सूर शहाणपणाचा वाटतो. वस्तुतः तो अज्ञानाचा आहे, आणि अधिकाऱ्याच्या तोंडी तर तो धोक्याचाही आहे.

प्रथम कायद्याकडे पाहू. हा अर्ज ज्याखाली झाला, तो १९२६ चा कामगार संघ कायदा आकाशातून पडलेला नव्हता. १९१८ च्या एप्रिलात मद्रासेत बकिंगहॅम आणि कर्नाटक गिरण्यांच्या कामगारांनी मद्रास लेबर युनियन स्थापन केली, बी. पी. वाडिया तिचे अध्यक्ष होते. पुढे गिरणीमालकांनी न्यायालयात जाऊन वाडिया आणि त्यांचे सहकारी यांच्यावर मनाईहुकूम आणविला. कामगारांना संप करावयास सांगणे म्हणजे करारभंगास चिथावणी, असा तो दावा होता. संघटना करणाऱ्यास या देशात कायद्याचे काडीइतकेही संरक्षण नाही, हे त्या दिवशी उघडे पडले. आणि १९२१ च्या मार्चमध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात असे संरक्षण मागणारा ठराव मांडला तो कोणी? कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावच्या नारायण मल्हार जोशी यांनी. मद्रासच्या मजुराचे गाऱ्हाणे एका मराठी माणसाने दिल्लीत नेले आणि पाच वर्षांनी त्याचा कायदा झाला. परमुलखात नोकरी करणाऱ्या मराठी अधिकाऱ्याला याहून चांगला वारसा कोणता हवा?

त्या कायद्याने निबंधकाला न्यायाधीश केले नव्हते. अटी पुऱ्या झाल्या आहेत की नाहीत, हे त्याने पाहावयाचे. झाल्या असतील तर नोंद करावयाची. नावासंबंधी त्यात जे बंधन होते ते एवढेच, की दुसऱ्या एखाद्या नोंदलेल्या संघाच्या नावाशी घोटाळा होऊ नये. मालकाच्या नावाचे सोवळे त्या कलमात कोठेही सांगितलेले नव्हते. मनुष्य जेथे राबतो त्या जागेचे नाव सांगावयासही त्याला मालकाची परवानगी लागावी काय?

आणि नोंदणी हा केवळ कागदी सोपस्कार नव्हे. नोंदलेल्या संघाला कायद्याच्या दृष्टीने देह प्राप्त होतो. तो दावा लावू शकतो, मालमत्ता धारण करू शकतो. वाडियांवर जो प्रसंग आला त्यातून वाचविणारे कवच १९२६ च्या कायद्याने दिले ते नोंदलेल्या संघालाच. म्हणजे अर्ज जितके दिवस पडून राहतो तितके दिवस कामगार त्या कवचावाचून उभा असतो. म्हणून निर्णय लांबविणे हाही एक निर्णयच असतो, आणि तो नेहमी बलिष्ठाच्या बाजूचा असतो.

आता भांडवल पळण्याची गोष्ट. याच श्रीपेरुंबुदुरात नोकियाचा प्रचंड कारखाना २००६ साली उभा राहिला आणि २०१४ च्या नोव्हेंबरात बंद पडला. तो कोणा संपाने बुडविला नाही. कराचा तंटा आणि कंपनीच्या धंद्याची विक्री यांच्या कचाट्यात तो सापडला आणि हजारोंचा रोजगार गेला. भांडवल येते आणि जाते ते आपल्या हिशेबाने. उलट सॅमसंगच्या कारखान्यात संघाची नोंद झाल्यावर तणाव पुन्हा उद्भवले हे खरे, तरी मे २०२५ मध्ये तेथे तीन वर्षांत मिळून मासिक १८,००० रुपयांच्या पगारवाढीचा करार झाला. खुद्द दक्षिण कोरियात कंपनीच्या प्रमुखांनी २०२० साली संघटनाविरोधी धोरणाबद्दल जाहीर क्षमा मागितली होती. जे मायदेशी चुकीचे ठरले ते आमच्या अंगणात शिष्टसंमत कसे?

‘पगार बरे होते’ हा युक्तिवाद तर मूळ मुद्दाच चुकवितो. संघटनेचा अधिकार उपाशी माणसाला घातलेली भीक नव्हे. संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने तो नागरिकाला दिला आहे; १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या २३ व्या कलमात तो माणूस म्हणून माणसाला आहे. त्यात मासिक वेतनाची मर्यादा कोठेही घातलेली नाही.

१९२६ चा तो कायदा आता इतिहासजमा झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. तिच्यानुसार कोणत्याही उद्योगात संपापूर्वी किमान १४ दिवसांची सूचना देणे भाग आहे. संपाची वाट जितकी अरुंद होईल तितके नोंदलेल्या संघाचे आणि वाटाघाटीचे मोल वाढेल. आणि तितकेच निबंधकाच्या लेखणीचे उत्तरदायित्वही वाढेल. कायदा बदलला, पण मेज तेच आहे आणि मेजावर येणारा अर्जही तसाच आहे.

रामानुजांविषयी अशी आख्यायिका सांगतात, की गुरूने गुप्त राखावयास सांगितलेला मंत्र त्यांनी गोपुरावर चढून सर्वांना ऐकविला. आपल्याकडून एवढ्या धैर्याची अपेक्षा कोणी करीत नाही. संविधानाने जे उघड्यावर ठेवले आहे ते फायलीत दडवून ठेवू नये, एवढेच मागणे आहे. आपल्यापैकी ज्याच्या मेजावर असा अर्ज आज पडून असेल त्याने तो काढावा, अटी तपासाव्यात आणि सही करावी. नाकारावयाचा असेल तर कारणे लिहून नाकारावा. न्यायालयाच्या मुदतीची वाट पाहणारा अधिकारी आपला अधिकारच न्यायालयाच्या स्वाधीन करीत असतो.