सोंगाड्याने रंगवलेला पाटील



मी दहा-अकरा वर्षांचा असेन. मानवतच्या आमच्या वस्तीत जयंतीच्या आदल्या रात्री वर्गणी काढून व्हीसीआर आणला होता. रात्री उशिरा 'सामना' लागला. पडद्यावर हिंदुराव धोंडे पाटील आला, मान तिरकी करून हसला आणि बायाबापड्यांनी शिव्या द्यायला सुरुवात केली. माझी आजी तर म्हणाली, "बंद करा रे त्या मेल्याला!"

माझ्या शेजारी वस्तीतले एक आबा बसले होते. तरुणपणी ते तमाशात सोंगाड्या होते आणि पुढे जयंतीच्या जलशात काम करीत. ते तेवढे हसत होते. म्हणाले, "पोरा, हा गडी सोंगाड्या हाय बघ. पाटलाला खालून बघितल्याबिगर असं हासता येत नसतंय."

आबांचे बोलणे किती खरे होते, ते मला पुढे निळू फुले यांच्याबद्दल वाचल्यावर कळले.

निळूभाऊंचा जन्म १९३० सालचा. ऐन तारुण्यात ते पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजच्या बागेत माळी म्हणून कामाला होते. पगार महिना ८० रुपये, आणि त्यातले १० रुपये ते राष्ट्र सेवा दलाला देत. मी पेशाने कारकून, म्हणून हिशेब मांडून पाहिला. पगाराचा आठवा हिस्सा झाला! आज आपल्यापैकी किती जण एवढे देतो, हे ज्याचे त्याने मनाशी विचारावे.

सेवा दलाच्या कलापथकात ते लोकनाट्यात काम करू लागले. १९५७ च्या निवडणुकीच्या वेळी त्यांनी 'येरागबाळ्याचे काम नोहे' हा वग लिहिला. पु. ल. देशपांडे यांच्या 'पुढारी पाहिजे' मध्ये त्यांनी रोंगे केला. पुढे शंकर पाटील यांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने त्यांचे नाव गावोगाव नेले. त्यांचे जोडीदार राम नगरकर हेही कष्टकरी घरातले, न्हाव्याच्या धंद्यातून आलेले. १९६८ साली अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी' या चित्रपटात निळूभाऊंनी झेल्या उभा केला. बागेतला माळी पडद्यावर आला तो असा, सोंगाड्याच्या वाटेने.

हा सोंगाड्या म्हणजे कोण? तमाशात गण, गवळण, बतावणी होते आणि मग वग सुरू होतो. वगात राजा असतो, प्रधान असतो, आणि त्यांच्या पायाशी सोंगाड्या असतो. तो कधी शिपाई, कधी नोकर. पण राजाची फजिती करायची मुभा फक्त त्यालाच. राजाला जे कोणी बोलू शकत नाही, ते तो हसत हसत बोलतो. ही कला जगवली ती बहुतांशी आपल्या आणि आपल्यासारख्याच पददलित समाजांतल्या कलावंतांनी. सत्यशोधक जलशांनी हाच घाट घेऊन त्यात प्रबोधन भरले आणि भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाने तो घरोघर पोचवला. सेवा दलाचे कलापथक याच वाटेवरचे.

जन्मभर राजाच्या पायाशी उभा असणाऱ्याला राजाची प्रत्येक लकब पाठ असते. तो कसा खाकरतो, गरिबाशी बोलताना नजर कुठे ठेवतो, गोड बोलून मान कशी कापतो, हे सारे त्याला ठाऊक असते. म्हणूनच सोंगाड्याच्या हाती पाटलाची भूमिका आली, तेव्हा तो पाटील नकली वाटला नाही. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला आणि विजय तेंडुलकरांनी लिहिलेला 'सामना' १९७५ च्या बर्लिन महोत्सवात गेला. पुढे 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' हा चित्रपट केला तो याच जब्बार पटेलांनी. 'सामना' मध्ये श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर साखरसम्राटाला एकच प्रश्न विचारत राहतो : मारुती कांबळे या माणसाचे काय झाले? हे आडनाव आपल्या किती घरांच्या दारांवर आहे! त्या रात्री आमच्या वस्तीने शिव्या दिल्या, त्या नटाला नव्हत्या.

निळूभाऊ पुष्कळ वेळा खलनायक झाले, पण तेवढेच नव्हेत. रंगभूमीवर १९७२ चा 'सखाराम बाइंडर', १९७९ च्या 'सिंहासन' मधला पत्रकार दिगू टिपणीस, हिंदीत १९८४ चा 'सारांश'. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही त्यांना मिळाला. पडद्यावर त्यांनी गरिबाला छळले. पडद्याबाहेर अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात ते डॉ. लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या बरोबर उभे राहिले. चळवळीच्या पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळावे म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला, त्यासाठी त्यांनी 'लग्नाची बेडी' चे प्रयोग केले. १३ जुलै २००९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आता आमच्या आबांचे सांगतो. म्हातारपणी त्यांनी कलावंतांच्या मानधनासाठी अर्ज केला. तो मीच भरून दिला होता. उत्तर आले, कलेचा पुरावा जोडा. आबांकडे ना फोटो, ना हँडबिल, ना कात्रण. घुंगरू होते, तेही एका पोराने जलशासाठी नेले ते परत आले नव्हते. आबा मला म्हणाले, "हासलेल्या माणसांची पावती कुठं मिळती का रे?" मी हसलो. त्यांचा अर्ज शेवटपर्यंत पडूनच राहिला, आणि आबा गेले.

निळूभाऊंची कला फितीवर राहिली. आबांची कला त्यांच्यासोबत गेली. कसबात दोघांत किती अंतर होते, हे मी सांगू शकत नाही. आबांचे काम पुन्हा बघायची सोयच नाही.

म्हणून एक विनंती. आपल्या वस्तीत कोणी जुना सोंगाड्या, शाहीर, ढोलकीवाला किंवा जलशात गाणारी माउली असेल, तर या रविवारी त्यांच्याकडे जा. मोबाइल आता घरोघरी आहे. त्यांचे बोलणे, त्यांचा वग भरून घ्या. कुठल्या साली, कुठल्या गावी, कुणाच्या फडात काम केले ते लिहून ठेवा. जुनी पत्रिका सापडली तर तिची झेरॉक्स काढा. ज्येष्ठ कलावंतांची मानधन योजना आता राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने आहे. वयाची ५० वर्षे पूर्ण झालेल्यांना अर्ज करता येतो आणि २०२४ पासून मानधन महिना ५००० रुपये आहे. पंचायत समितीत चौकशी करा. अर्ज भरता येत नसेल तर शिकलेल्या पोराला बसवा, नाहीतर मला हाक मारा. संध्याकाळी सहानंतर मी घरीच असतो.

पुरावा मात्र माणूस हयात असतानाच गोळा करा.