तुरीचा उरलेला पंप घरच्या कोबीवर मारू नका



सध्या तूर फुलावर आहे, कुठं कुठं शेंगाही धरल्यात. आपल्या मालेगाव तालुक्यात कोणत्याही शिवारात जा, सकाळी पंपाचा आवाज आहेच. घाटेअळीपुढं हात जोडून बसा असं मी म्हणत नाही. माझं भांडण फवारणी झाल्यानंतरच्या दहा मिनिटांशी आहे. तुरीच्या ओळी संपतात, पंपात चार-पाच लिटर उरतं, आणि माणूस विहिरीवर पंप धुवायला येतो. तिथंच धुऱ्याला घरच्या बाईनं लावलेला पत्ताकोबीचा वाफा असतो. "उरलं होतं थोडं, फेकून काहून द्यायचं? मारून देल्लं कोबीवर." हे वाक्य मी याच हंगामात तीन वेगवेगळ्या गावांत ऐकलं. आणि सांगणारा असा सांगतो की जसे घरावर उपकारच केले.

मला हे पटत नाही, आणि गोड भाषेत सांगायचंही मनात नाही.

आधी हिशेब करू, कारण "औषध तेच, प्रमाण तेच, मग काय होते?" असं विचारणारे बरेच आहेत. घरच्या वाफ्यात धरा 40 रोपं, दीड-दीड फुटावर. एवढ्याला जागा लागते साधारण 8 चौरस मीटर. हेक्टरी 500 लिटर पाणी धरून फवारलं तर 8 चौरस मीटरच्या वाट्याला येतं 400 मिली. पाण्याच्या दोन ग्लासांएवढं. आपण तिथं ओततो 5 लिटर, म्हणजे बारा पट. लिटरमागं प्रमाण तेच असेल, पण रोपामागं तेच राहिलं का? काही ओघळून मातीत जाईल, खरं आहे. पण कोबीचं पान तुरीच्या पानासारखं नाही, ते वाटीसारखं असतं. गड्डा धरायच्या वेळी आतल्या पानांच्या खाचेत पाणी साचतं, आणि त्यावर पुढचं पान मिटतं.

बरं, त्या पंपात एकटं कीटकनाशक असतं का? आपलं मिश्रण आपल्यालाच माहीत. अळीचं एक, बुरशीचं एक, दुकानदारानं सांगितलेलं टॉनिक, वर विद्राव्य खत. डब्याच्या लेबलवर पीक, कीड, मात्रा आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं हे पिकानुसार वेगवेगळं छापलेलं असतं. तुरीसाठी आणलेल्या डब्यावर कोबीचं नावच नसेल तर कोबीसाठी किती दिवस थांबायचं हे कोण सांगणार? तूर तर पुढं दीड-दोन महिन्यांनी निघते, शेंगेच्या आत दाणा असतो, डाळ होते, शिजते. कोबी परवा कापून कोशिंबीर होते. पोरं तर कच्चीच खातात. जुन्या सवयीनं कुठं मोनोक्रोटोफॉस पडलेलं असेल तर सांगून ठेवतो, भाजीपाल्यावर त्याला 2005 पासून बंदी आहे.

अजून एक गोष्ट कोणी बोलत नाही. गड्ड्याच्या बाहेरची चार पानं आपण काढून टाकतो आणि समाधान मानतो की औषध गेलं. ती पानं जातात कुठं? शेळीपुढं, नाही तर गाईपुढं. दूध संध्याकाळी परत आपल्याच घरात.

2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हापासून आपण फवारणाऱ्याचे हातमोजे, मास्क यावर बोलायला लागलो. चांगलं झालं. खाणाऱ्याचं मात्र अजून "काही होत नाही" एवढ्यावरच चाललंय.

आता मुख्य मुद्दा. लोक म्हणतात, कोबी फवारल्याशिवाय येतच नाही. दोन-तीन एकर बाजारासाठी लावणाऱ्याचं मी समजू शकतो, आणि त्याला नावं ठेवायची नाहीत मला. कोबीची शिफारस पाहून, मोजून फवारणारा आणि दिवस पाळणारा भाजीवाला आपल्या उरलेल्या पंपापेक्षा शंभर पटीनं बरा. पण 40 रोपांच्या वाफ्याला हे वाक्य लागू नाही. 40 रोपं हातानं बघून होतात, आणि तेवढ्या कामाला चहा थंड व्हायच्या आत मोकळं होता येतं.

कोबीवर मुख्य त्रास देते ती चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी. लहान, हिरवी, बोट लावलं की वळवळ करून धाग्यानं खाली लोंबकळते. पानाचा वरचा पापुद्रा ठेवून खालून खाते, म्हणून पानाला काचेच्या खिडकीसारखे डाग दिसतात. ही अळी औषधाला जुमानत नाही यात नवीन काही नाही. डीडीटी तिच्यावर चालत नाही अशी नोंद जावा बेटावर 1953 सालीच झाली. पुढं हवाईत बीटीच्या जिवाणूची फवारणीसुद्धा तिनं पचवली, ती नोंद 1990 ची. जगात ज्या किडीनं एवढी औषधं हरवली तिला आपण उरलेल्या, शिळ्या, अंदाजपंचे पाण्यानं मारायला निघालो. यात मरतो तो ढालकिडा आणि अळीवर जगणारी बारीक गांधीलमाशी. अळी राहते, पुढच्या पिढीला अजून टणक होते.

मग करायचं काय? पहिली गोष्ट महिना. कोबीला थंडी पाहिजे, 15 ते 20 अंशात ती खूश असते. सोयाबीन निघाल्यावर ऑक्टोबरात बी टाकायचं, चार-पाच आठवड्यांनी रोप लावायचं, म्हणजे गड्डे डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीत येतात. जूनमध्ये भाज्यांच्या बियाण्याची पुडी हाती आली म्हणून त्यातली कोबीही जूनमध्येच टाकणारे आहेत. पावसाळ्यात आपल्या काळ्या जमिनीत रोप सडतं, राहिलेलं अळी खाते, आणि मग "कोबी आपल्याकडं येतच नाही". पुडीवर महिना बघत जा.

दुसरी गोष्ट जागा. आपली काळी माती पाणी धरते, म्हणून वाफा वीतभर उंच करा आणि चांगलं कुजलेलं शेणखत घाला. मागच्या वर्षी जिथं फुलकोबी, मुळा किंवा मोहरी होती तिथं परत कोबी नको. पानाच्या कडेनं आत इंग्रजी व्ही अक्षरासारखा पिवळा डाग आला आणि शिरा काळ्या पडल्या तर तो काळी कूज रोग आहे, अळीचं औषध मारून तो जात नाही. ते झाड उपटून वाफ्याबाहेर न्या.

तिसरी मोहरी. हे काही माझं डोकं नाही. बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेनं हे बसवून दिलंय. त्यांची शिफारस शेतासाठी आहे. कोबीच्या 25 ओळींमागं मोहरीच्या दोन ओळी, त्यातली एक कोबी लावायच्या 15 दिवस आधी पेरायची आणि दुसरी लावणीनंतर 25 दिवसांनी. पतंगाला कोबीपेक्षा मोहरी आवडते, अंडी तिथं जातात. घरच्या वाफ्याला दोन्ही बाजूंनी एकेक ओळ पुरते. पण मोहरी लावून विसरायचं नाही. तिच्यावर अळ्या जमल्या की तिथंच निंबोळी अर्क मारा, नाही तर उपटून पुरा. नुसती ठेवली तर वाफ्याशेजारी अळ्यांचा कारखाना उघडल्यासारखं होईल.

निंबोळी अर्क 5 टक्के म्हणजे पाच लिटर पाण्याला 250 ग्रॅम निंबोळी पावडर. रात्री भिजवा, सकाळी फडक्यातून दोनदा गाळा, थोडा साबणाचा चुरा टाका, ऊन उतरल्यावर पानाच्या खालून मारा. यासाठी दोन लिटरचा हातपंप वेगळा ठेवा. शेतातला पंप वाफ्याजवळ आणायचाच नाही. त्यात पावसाळ्यात सोयाबीनचं तणनाशक गेलेलं असतं, नीट धुतला नसेल तर कोबी पिवळी पडून वाकडी होते आणि आपण रोग शोधत बसतो. सोयाबीनवरची तंबाखूची अळीही कोबीवर येते. पानाखाली तपकिरी लव असलेला अंड्यांचा पुंजका दिसला की तेवढं पान तोडायचं. एका पुंजक्यात शेकडो अंडी असतात, यापेक्षा स्वस्त फवारणी मला माहीत नाही. मावा दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा.

इथं दुसऱ्या बाजूच्या मंडळींनाही एक सांगायचंय. "देशी बियाण्याची कोबी लावा, बी घरी धरा" असं कोणी सांगत असेल तर त्याला विचारा की धरून दाखव. वांगं, भेंडी, वाल यांचं बी जरूर धरा. कोबीला बी यायला कित्येक आठवडे कडक थंडी लागते, म्हणून तिचं बी कुल्लूच्या खोऱ्यासारख्या डोंगराळ भागात तयार होतं. आपल्याकडं गड्डा होतो आणि पुढं ऊन येतं, संपलं. कोबी हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून आला. गोल्डन एकर ही जुनी लवकर येणारी जात घरासाठी चांगली आहे, गड्डा किलो-दीड किलोचा, लावणीपासून दोन-सव्वादोन महिन्यांत. 10 ग्रॅमच्या पुडीत अडीच-तीन हजार दाणे असतात. एका घराला एवढे काय करायचे? पाच-सात घरांनी मिळून पुडी घ्या. आणि सगळी रोपं एकाच दिवशी लावू नका. पंधरा-पंधरा दिवसांनी 12-13 लावा, शेवटची डिसेंबरच्या मध्यापर्यंत. 40 गड्डे एकाच आठवड्यात आले तर खाणार कोण?

काढणीचंही तसंच. मोठा होऊ दे म्हणून थांबणारे जास्त, आणि तडकलेले गड्डे त्यांच्याच घरी. आकार बघू नका, अंगठ्यानं दाबून बघा. दगडासारखा टणक लागला की विळ्यानं कापा, बाहेरची दोन-तीन पानं ठेवून. गड्डे भरल्यावर आठ दिवस कोरडं ठेवून मग एकदम भरपूर पाणी दिलं की ते तडकतात. पाणी थोडं थोडं, नेमानं. तयार गड्डा चार दिवस ठेवायचाच असेल तर झाड हातात धरून जरासं पिळा, काही मुळ्या तुटतात, वाढ मंदावते. कापल्यावर बुडखा उपटायची घाई नको. त्याला कोंब फुटतात, चांगला एक ठेवून बाकी मोडले तर थंडी असेपर्यंत मुठीएवढा गड्डा अजून मिळतो. ज्या वाफ्यावर तुरीचा पंप गेला नाही त्याची बाहेरची पानंसुद्धा बेसन लावून झुणक्यात जातात.

गावोगाव उमेदच्या गटातल्या बायांनी परसबागा उभ्या केल्या आहेत. घरातल्या माणसांना भाजी मिळावी म्हणून बाई रोज तांब्यानं पाणी घालते, आणि गडी तिला न विचारता एका मिनिटात त्यावर पंप रिकामा करतो. तिला विचारलं तर ती मारू देणार नाही, म्हणूनच विचारत नसतील.

उरलेल्याचं काय करायचं, हा प्रश्न मात्र खरा आहे. शेवटचा पंप भरताना किती ओळी राहिल्या ते मोजा आणि तेवढंच कालवा. तरी उरलं तर तुरीच्याच न फवारलेल्या कडेला संपवा. पंप धुतलेलं पाणीही तिथंच जाऊ द्या, विहिरीच्या थारोळ्यात नको आणि नाल्यात तर नकोच.

आणि हे पेज वाचणाऱ्या कृषी सहायक, कृषी अधिकारी साहेबांना एक विनंती. तुमच्या कोबीच्या पत्रकात बियाणं हेक्टरी, खत हेक्टरी, औषध हेक्टरी. ते भाजीवाल्याच्या कामाचं आहे. 40 रोपांच्या वाफ्याचं एका पानाचं पत्रक काढा, खत घमेल्यात आणि अर्क लिटरमध्ये लिहा, आणि ते बायांच्या गटाच्या बैठकीत वाटा. सप्टेंबरात वाटलं तर बी टाकायच्या आधी हातात पडेल.