गुंता असावा, पण कुठे?

चवथीला गोव्यातल्या आमच्या कोरगावच्या घरात माणसं वाढतात. गेल्या वर्षी मुंबईहून आलेला भाचा दुपारच्या जेवणानंतर सोप्यावर लॅपटॉप उघडून बसला होता. पडद्यावर 'सिव्हिलायझेशन ६'चा डाव. त्याचे आजोबा, म्हणजे माझे बाबा, बाजूला येऊन बसले. बाबांचं आयुष्य खाजन शेतीत गेलं. संगणकाला त्यांनी कधी हात लावलेला नाही. भाच्याचं एक शहर समुद्रकाठी होतं आणि पाणी एक मीटर चढलं तर कोणती जमीन आधी बुडणार, ते नकाशावर दिसत होतं.

"मग बांध कधी घालणार?" बाबांनी विचारलं.

"आत्ता परवडत नाही, आजोबा. आधी कारखाना."

"उशीर केलास तर जास्त महाग पडेल."

भाचा चमकून बघायला लागला, कारण खेळाचा नियम नेमका तोच आहे. २०१९ साली या खेळाला 'गॅदरिंग स्टॉर्म' नावाची जोड मिळाली. तेव्हापासून त्यात नद्यांना पूर येतात, समुद्र चढतो आणि समुद्र जितका चढेल तितका पूररोधक बांधाचा खर्च वाढतो. बाबांना पडद्यावरचं एक बटणही कळत नव्हतं, पण पेच मात्र पहिल्याच नजरेत कळला होता.

डावपेचांचे मोठे व्हिडिओ गेम करणाऱ्यांपुढचा जुना प्रश्न त्या दुपारी माझ्यापुढे आला. गुंतागुंत हाच या खेळांचा जीव, आणि तीच त्यांचा जीव घेते. सिड मायर यांचा पहिला 'सिव्हिलायझेशन' १९९१ साली आला. पुढच्या आवृत्त्यांत धर्म आला, संस्कृती आली, हवामान आलं. 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' १४४४ पासून १८२१ पर्यंतचं जग शेकडो राज्यांसह समोर मांडतो आणि नवखा माणूस पहिले कित्येक दिवस फक्त खिडक्या उघडत-मिटत बसतो. मग काय करावं? नियम छाटावेत, की खोली राखून नवख्यांना तोंड द्यायला लावावं?

छाटणीच्या बाजूने सर्वात मोठा साक्षीदार बुद्धिबळ. कोरगावाहून शापोरा नदी ओलांडली की बारदेश, आणि तिथल्या हडफड्यात नोव्हेंबर २०२५ मध्ये बुद्धिबळाचा विश्वचषक झाला; उझबेकिस्तानच्या १९ वर्षांच्या जावोखिर सिंदारोवने तो जिंकला. सहा प्रकारच्या सोंगट्या, चौसष्ट घरं, आणि नियम वहीच्या एका पानावर मावतील एवढे. तरी माणसं जन्मभर शिकत राहतात. हा खेळही काही आकाशातून तयार पडलेला नाही. आपल्या देशी पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं. युरोपात पंधराव्या शतकाच्या शेवटी वजिराला आणि उंटाला लांब पल्ल्याच्या चाली मिळाल्या आणि रेंगाळणारा डाव धावायला लागला. म्हणजे खेळ रंगावा म्हणून नियमांत दुरुस्ती करणं हा संगणकाच्या काळातला शोध नव्हे. आणि ती दुरुस्ती नवी सोंगटी न वाढवता, आहे त्याच सोंगट्यांना मोकळं करून झाली, हे लक्षात घ्यावं.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही हलकं नाही. बुद्धिबळातला राजा कुठलाच राजा नसतो. डावपेचांच्या व्हिडिओ गेममध्ये माणूस जातो तो एखाद्या जगात शिरायला. 'एम्पायर : टोटल वॉर' हा २००९ चा खेळ १७०० साली सुरू होतो आणि त्यात मराठ्यांची बाजू घेऊन खेळता येतं. मराठी घरातल्या मुलाला त्या सालाचा अर्थ कोणी शिकवावा लागत नाही. राजाराम महाराज गेले ते त्याच वर्षी, कारभार ताराबाईंच्या हाती आला, आणि औरंगजेब अजून दख्खनेतच तळ ठोकून होता. त्यामुळे रिकामा खजिना, दूरचे किल्ले, चहूकडचे शत्रू यांचा गुंता त्याला ओझं वाटत नाही. छाटणीवाले एक गोष्ट विसरतात. माहितीच्या जगातले नियम शिकायला फार कष्ट पडत नाहीत; ते अर्धे आधीच डोक्यात असतात. बाबांना बांधाचा नियम कळला तो असाच.

शिवाय छाटताना कोणाचं तरी गाव जातं. जगाच्या नकाशावर गोवा म्हणजे एक ठिपका, एक रंग. पोर्तुगीज तिसवाडीत आले १५१० मध्ये, पण पेडणे, म्हणजे आमच्या कोरगावचा तालुका, त्यांच्या हाती गेलं १७८८ मध्ये, सावंतवाडीकरांकडून. मधली पावणेतीनशे वर्षं त्या एका रंगाखाली दबून जातात. खेळ चालायचा तर एवढी मोडतोड करावीच लागते हे मला मान्य आहे, पण तिची किंमत शून्य आहे असं कोणी म्हणू नये.

दोन्ही बाजू ऐकल्यावर माझं मत असं झालं की भांडण गुंता किती असावा यावर होतंय, आणि खरा प्रश्न तो कुठे असावा हा आहे. त्याचं उत्तर मला खाजनाच्या मानशीत दिसतं.

खाजन म्हणजे खाडीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेली सखल जमीन. कोरगुटसारखं खारं सोसणारं भात तिथे पावसाळ्यात होतं, कारण पाऊस मातीतला खार धुऊन काढतो. बांधात पाण्याची वाट असते ती मानस. तिची लाकडी दारं भरतीच्या पाण्याने दाबली जाऊन आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या. प्रत्येक वेळी माणसाला दार लावायला जावं लागलं असतं तर खाजन पहिल्याच महिन्यात ओस पडलं असतं. पण दाराने एवढं काम उचललं म्हणून शेतकऱ्याला काम उरलं नाही, असंही नाही. बांध यंदा दुरुस्त करायचा की पुढच्या वर्षी? कापणीनंतर खारं पाणी किती आत घ्यायचं? मानशीची पावणी, म्हणजे तिथल्या मासळीच्या हक्काचा लिलाव, कोणाला द्यायची? पावणी घेणाऱ्याला मासळीसाठी पाणी जास्त हवं असतं, शेतकऱ्याला भातासाठी कमी. यातले बरेच तंटे वर्षानुवर्षं मिटत नाहीत, कारण दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर असतं. यंत्रणेने कंटाळवाणं काम स्वतःकडे घेतलं आणि भांडण्याजोगा निर्णय माणसाकडे ठेवला. खेळ रचणाऱ्यांनी हेच करायचं असतं.

हे सांगणं सोपं, करणं अवघड. 'सिव्हिलायझेशन'च्या चौथ्या आवृत्तीत एका घरात कितीही फौजा रचता यायच्या. त्या ढिगाऱ्याच्या लढाया नीरस होत. २०१० च्या पाचव्या आवृत्तीने षट्कोनी घरं आणली आणि एका घरात एकच लढाऊ तुकडी असा नियम केला. डोंगर, नदी, खिंड यांना एकदम किंमत आली. पण डाव उत्तरार्धात गेला की चतुर्थीच्या दिवसांतल्या म्हापशाच्या बाजारासारखी कोंडी व्हायची. एक तुकडी हलवायला चार हलवाव्या लागायच्या आणि संगणकी प्रतिस्पर्ध्यालाही ती कोंडी धड सोडवता यायची नाही. निर्णयात भर पडली आणि हाताळणीतही. माझ्या मते सौदा फायद्याचा ठरला, पण काठावर.

उलट टोकाचा धडा २००३ च्या 'मास्टर ऑफ ओरायन ३'ने दिला. शेकडो ग्रहांचा कारभार खेळाडूवर पडू नये म्हणून तो संगणकी सुभेदारांकडे सोपवला. ओझं गेलं, पण आपण राज्य चालवतोय की कोणाचे हिशेब वाचतोय, हे खेळाडूंना कळेना. मानस आपोआप मिटावी हे ठीक. पावणीही आपोआप व्हायला लागली तर गावाने बैठकीला कशाला जमायचं?

मला पटलेली तोड सोरेन जॉन्सन यांच्या 'ओल्ड वर्ल्ड'मध्ये आहे. 'सिव्हिलायझेशन'ची चौथी आवृत्ती रचणारेही तेच. 'ओल्ड वर्ल्ड'मध्ये दर फेरीला मोजकेच हुकूम मिळतात, त्यामुळे सगळ्या तुकड्या हलवता येत नाहीत. लावणीच्या दिवसांत गडी मोजके आणि शेतं चार, अशी अवस्था. हात कमी चालतो, पण डोकं जास्त चालवावं लागतं.

माहितीचं काय? २०१८ चा 'इंटू द ब्रीच' शत्रू पुढच्या फेरीत कुठे वार करणार ते आधीच दाखवतो. 'क्रुसेडर किंग्ज ३'मध्ये अनोळखी शब्दावर बोट नेलं की त्याचा अर्थ उघडतो आणि त्या अर्थातल्या शब्दाचाही अर्थ तिथेच उघडतो. जाडजूड पुस्तिका वाचावी लागत नाही. याविरुद्ध म्हणणं असं की सगळंच दिसायला लागलं तर खेळाचं गणिताचं कोडं होतं आणि अंधारातल्या पावलाची धडधड जाते. त्यात तथ्य आहे. मी मधली रेघ अशी ओढेन: नियम उघडे असावेत, भविष्य झाकलेलं. कोणती जमीन सखल आहे हे भाच्याला दिसत होतं. समुद्र कधी चढेल ते मात्र सगळ्या राज्यांनी मिळून किती धूर सोडला यावर होतं. बाबांनाही बांधाची उंची ठाऊक असायची, पुढची उधाणाची भरती नव्हे.

नशिबाचा प्रश्न याहून नाजूक. २०१० साली सान फ्रान्सिस्कोतल्या भाषणात सिड मायर यांनी आपला अनुभव सांगितला होता. तीनास एक असं बळ असताना हरलं की खेळाडू चिडतात. एकास तीन असताना जिंकलं तर कोणाची तक्रार नसते. दोनास एक असताना हरणं चालतं, पण वीसास दहा असताना हरणं पटत नाही, जरी प्रमाण तेच असलं. मग खेळ माणसाच्या मनाप्रमाणे वाकवावा का? 'एक्सकॉम २' सोप्या पातळ्यांवर गुपचूप खेळाडूच्या बाजूने झुकतो: नेम लागण्याची शक्यता पडद्यावर दिसते त्याहून प्रत्यक्षात जास्त असते. त्याचा हेतू चांगला आहे. लागोपाठ चार नेम चुकले की नवखा उठून जातो, आणि उठून गेलेल्याला खोली कोण दाखवणार? तरीही मला ते खटकतं. पटावर कवड्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडतात म्हणून दान उलटं पडलं तरी माणूस नशिबाला बोल लावतो, पटाला नाही. सवलत द्यायची तर उघड द्यावी. लपवलेली सवलत उघडकीला आली की खरे आकडेसुद्धा संशयाने वाचले जातात.

शेवट हाही रचनेचाच भाग. एकदा पुढे गेलेलं राज्य पुढेच जातं आणि उरलेला डाव औपचारिक होतो. त्यामुळे अनेकजण तो अर्धवट टाकतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या 'सिव्हिलायझेशन ७'ने यावर उपाय म्हणून डावाचे तीन युगांत तुकडे केले. युग पालटलं की आपली संस्कृतीही बदलायची. पिछाडीवरच्याला नवी संधी मिळते आणि लॅपटॉप मिटायला जागाही सापडते. पण जुन्या खेळाडूंपैकी अनेकांना आपलं राज्य आपल्याच हातून काढून घेतल्यासारखं वाटलं. रचणारे आणि खेळणारे, दोघंही खरं बोलतात. सतत जिंकणाऱ्याला थांबवताना त्याने उभं केलेलं पुसायचं नाही, ही कसरत अजून कोणाला पूर्ण जमलेली दिसत नाही. याच्या पलीकडे 'क्लॅश ऑफ क्लॅन्स'सारखे मोबाइलवरचे खेळ आहेत. तिथे बांधकामाला तास-दिवस लागतात आणि पैसे मोजले की वेळ वाचतो. वाट बघणं विकायला ठेवलं की कंटाळा कमी करण्यात रचणाऱ्याला रसच उरत नाही. या एका बाबतीत मी दोन्ही बाजू तोलायला तयार नाही.

एक अडचण मात्र रचनेच्या चर्चेत फारशी येत नाही. 'सिव्हिलायझेशन ६'च्या भाषांच्या यादीत पोर्तुगीज आहे, ब्राझीलची का होईना. मराठी नाही. पेडण्यातल्या मराठी शाळेतून आलेल्या मुलाला खेळाच्या गुंत्याआधी इंग्रजीचा गुंता सोडवावा लागतो. निर्माते म्हणतील, एवढ्या मजकुराचं भाषांतर करण्याइतकं गिऱ्हाईक कुठे आहे? हिशेबाने ते बरोबर असेल. पण मग खेळ 'फार अवघड' ठरवताना त्यातलं किती अवघडपण नियमांचं आणि किती भाषेचं, तेही मोजायला हवं.

एवढं तोलून माझं झुकतं माप खोलीकडेच आहे, पण अटीवर. खेळाडू हरला तर का हरला हे त्याला आपल्या शब्दांत सांगता यायला हवं. सांगता आलं तर गुंता योग्य जागी होता. "कुठलं तरी बटण राहिलं" एवढंच उत्तर आलं तर नियम कितीही कमी असोत, ते चुकीच्या जागी पडले.

भाच्याचं ते शहर संध्याकाळच्या आरतीआधीच बुडायला लागलं. रात्री जेवताना त्याने आजोबांना सगळं सांगितलं: कारखाना आधी का घेतला, शेजारच्या राज्यानेही धूर कसा वाढवला, बांधाचा खर्च शेवटी कसा हाताबाहेर गेला. बाबांनी मधे दोनच प्रश्न विचारले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्याला बांधावर घेऊन गेले. भात कमरेएवढं उभं होतं. भरती होती आणि मानशीची दारं घट्ट मिटलेली. भाचा थोडा वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "आता आपण काय करायचं?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "तो तिथला दगड सुटलाय का, तेवढं बघ."