प्रयोजक आणि शक्य

मराठी व्याकरणात 'चालवणे' या एकाच रूपाची दोन कामे आहेत. 'आई बाळाला चालवते' या वाक्यात ते प्रयोजक क्रियापद आहे. चालते बाळ, पण त्याला चालायला लावणारी आई. 'त्या आजाऱ्याला आता चालवते' या वाक्यात तेच रूप शक्य क्रियापद होते. इथे कुणी कुणाला चालायला लावलेले नाही. चालण्याचे सामर्थ्य आजाऱ्याच्या अंगी आले आहे. रूप एकच असल्याने परीक्षेत विद्यार्थी या दोहोंत हमखास गोंधळ करतात. कार्यालयांत, कारखान्यांत आणि अलीकडे महाविद्यालयांतही 'कर्मचाऱ्यांना प्रेरित कसे करावे' या विषयावर जे बोलले जाते, त्यात नेमका हाच गोंधळ आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

'प्रेरणा' हा शब्दच या गोंधळाला साथ देतो. संस्कृतातील 'प्र' आणि 'ईर्' यांतून तो आला. त्याचा मूळ अर्थ पुढे ढकलणे, गती देणे. हिंदी व्याकरणात तर प्रयोजक क्रियापदाला 'प्रेरणार्थक'च म्हणतात. म्हणजे शब्दाच्या मुळाशी ढकलणारा एक आणि ढकलला जाणारा दुसरा, अशी रचना आहे. मराठी साहित्यविचाराने मात्र हा शब्द वेगळ्या अर्थाने रुळवला. आपण 'लेखनामागील प्रेरणा' म्हणतो, 'दलित साहित्याच्या प्रेरणा' म्हणतो, तेव्हा लेखकाच्या जगण्यातून उसळलेली निकड आपल्याला अभिप्रेत असते. 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) लिहिण्यासाठी बाबुराव बागुलांपुढे कुणी प्रोत्साहन योजना ठेवली नव्हती. व्यवस्थापनाच्या परिभाषेत 'प्रेरणा' पुन्हा जुन्या, ढकलण्याच्या अर्थाकडे गेली आणि तेही वाङ्मयीन अर्थाची प्रतिष्ठा सोबत घेऊन. ढकलणारा आता ढकलतो असे म्हणत नाही. तो प्रेरणा देतो!

अर्थात, व्यवस्थापनशास्त्राला सरसकट मोडीत काढणे योग्य ठरणार नाही. फ्रेडरिक टेलर यांनी १९११ साली कामाचे तुकडे पाडून, घड्याळ लावून, उत्पादनाप्रमाणे मजुरी देण्याचे तत्त्व मांडले, तेव्हा कामगार हा त्यांना प्रामुख्याने पैशाने हलणारा माणूस वाटत होता. पुढे त्याच शास्त्रातून या कल्पनेला तडे गेले. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते व हिशेबनीस यांच्या मुलाखती घेऊन १९५९ साली असा निष्कर्ष काढला की असमाधान आणि समाधान ही एकाच काठीची दोन टोके नव्हेत. पगार, वरिष्ठांची वागणूक, कामाची जागा, नोकरीची शाश्वती या गोष्टी नसतील तर माणूस असमाधानी होतो. पण त्या मिळाल्या म्हणून तो कामात रमतोच असे नाही. रमण्याची कारणे कामाच्या आत असतात: काही साध्य केल्याची जाणीव, जबाबदारी, कामाचे स्वतःचे स्वरूप. या पद्धतीवर आक्षेपही आले. यशाचे श्रेय स्वतःकडे घेऊन अपयशाचा दोष परिस्थितीला देणे हा मनुष्यस्वभाव आहे आणि मुलाखतीत तोच बोलतो, हा त्यांतील महत्त्वाचा आक्षेप. तो मान्य करूनही हर्झबर्ग यांचा भेद उपयोगाचा राहतो. एडवर्ड डेसी यांनी १९७१ साली विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. ज्यांना मधल्या टप्प्यात पैसे दिले गेले, त्यांचा पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात त्याच कोड्यांतला रस कमी झालेला आढळला. बाहेरून ढकलल्याने आतली ओढ वाढते हे गृहीतच त्यामुळे संशयास्पद ठरले.

या सिद्धान्तांची कसोटी पाहण्यासाठी आपल्याला दूर जायला नको. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीकडे आपण सहसा पाठचिकित्सेचा आदर्श म्हणून पाहतो. ती एक 'नोकरी'ही होती, हे विसरतो. १९१९ साली हा प्रकल्प सुरू झाला आणि १९६६ साली संपला. सत्तेचाळीस वर्षे, एकोणीस खंड, बाराशेहून अधिक हस्तलिखितांचा उपयोग. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम अशा लिप्यांतील पोथ्या शास्त्री-पंडितांनी वर्षानुवर्षे ताडून पाहिल्या. पद्धत अशी की चौकटी आखलेल्या कागदाच्या माथ्यावर श्लोक अक्षर-अक्षर सुटे करून लिहायचा आणि प्रत्येक पोथीतला पाठभेद त्या-त्या अक्षराखाली मांडायचा. याहून नीरस काम कल्पिणे कठीण. टेलर यांनाही हेवा वाटावा, इतके ते तुकड्यांत विभागलेले होते.

पण एक फरक होता आणि तो निर्णायक आहे. टेलर यांच्या कारखान्यात विचार करणारा एक आणि हात चालवणारा दुसरा. इथे प्रत्येक चौकटीत निर्णय होता: हे अक्षर 'व' की 'ब', हा लेखनिकाचा प्रमाद की स्वतंत्र पाठ. शिवाय नोंदवलेला पाठभेद हरवत नव्हता. मुख्य संहितेत ज्याला जागा मिळाली नाही, तो तळटीपेत उभा राहत होता. जगातला कोणताही अभ्यासक संपादकाचा निर्णय त्या तळटिपांवरून तपासू शकत होता. १९२५ साली प्रमुख संपादक झालेल्या विष्णु सीताराम सुकथनकरांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत पोथ्यांची कुळे, पाठनिवडीची तत्त्वे, ताडून पाहण्याची रीत हे सारे उघड मांडले. १९४३ च्या जानेवारीत सुकथनकर गेले, तेव्हा त्यांच्या हातून आदिपर्व आणि आरण्यकपर्व एवढेच संपादून झाले होते. तरी काम थांबले नाही. सभापर्व अमेरिकेतील फ्रँकलिन एजर्टन यांनी केले, उद्योगपर्व सुशीलकुमार डे यांनी. बेलवलकरांनी आणि नंतर प. ल. वैद्यांनी प्रमुख संपादकपद सांभाळले. एखाद्या पुढाऱ्याच्या केवळ वक्तृत्वावर चाललेले काम त्याच्यामागे तेवीस वर्षे टिकत नाही. सुकथनकरांचे मोठेपण त्यांनी इतरांना 'चालवले' यात नाही. इतरांना चालवेल अशी वाट त्यांनी बांधली, यात आहे.

येथे एक धोका संभवतो, आणि तो आपल्या क्षेत्रात प्रत्यक्षात उतरलेला आहे. 'प्रेरणा आतूनच येते' हे एकदा मान्य केले की 'मग पगाराचे काय एवढे?' असे म्हणायला मालक मोकळा होतो. मराठी विद्याव्यवहाराला त्यागाच्या कथांची आवड आहे. राजवाडे-केतकरांच्या विपन्नावस्थेच्या आठवणी आपण इतक्या भक्तिभावाने सांगतो की विपन्नावस्था हीच जणू संशोधनाची पूर्वअट वाटू लागावी. निष्काम कर्माचेही तसेच. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिले, ते माणसाला कर्माला उभे करण्यासाठी. त्यातील फलत्यागाचा विचार आज प्रेरणादायी व्याख्यानांत पगारवाढ मागणाऱ्याच्या तोंडावर फेकला जातो. फळाची आस धरू नये हा उपदेश नेमका फळे वाटून घेणाऱ्यानेच करावा, हे विलक्षण आहे.

सेट-नेट उत्तीर्ण होऊन, अनेकदा पीएच.डी. करूनही, तासिका तत्त्वावर शिकवणारे शेकडो तरुण आज महाराष्ट्रातील महाविद्यालयांत आहेत. त्यांची नेमणूक वर्षापुरती, मानधन तासांवर, सुट्टीचा पैसा नाही. एका महाविद्यालयात अशा अध्यापकांना 'कार्यप्रेरणा' या विषयावरील दिवसभराच्या कार्यशाळेस सक्तीने बसवलेले मी पाहिले आहे. त्या दिवशी त्यांचे तास झाले नाहीत, म्हणून त्या दिवसाचे मानधनही निघाले नाही. हर्झबर्ग यांचा सिद्धान्त अर्धाच वाचला की असे होते. पगार आणि शाश्वती यांनी प्रेरणा निर्माण होत नसेल. पण त्यांच्या अभावी प्रेरणेची भाषा ही शुद्ध फसवणूक ठरते. आजाऱ्याला 'तुला चालवेल' असे सांगण्याआधी त्याच्या पायातली बेडी काढावी लागते.

दुसरे टोकही तितकेच घातक. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या विनियमांत अध्यापकांच्या कामाला गुणांक लावले: निबंधाला इतके, परिसंवादाला इतके, ग्रंथाला इतके. हेतू वाईट नव्हता. परिणाम आपण सर्वांनी पाहिला आहे. गावोगाव राष्ट्रीय परिसंवाद भरले, पैसे भरून निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले, न वाचलेल्या पुस्तकांवर न वाचले जाणारे लेख लिहिले गेले. २०१८ च्या विनियमांनी ही रचना बदलली. सवय मात्र बदललेली नाही. गुण मोजले की गुण मिळतात. वाचन, शंका, विद्यार्थ्याने मागे थांबून विचारलेला प्रश्न यांना गुणांचा रकाना नव्हता, म्हणून ते मागे पडले.

मग विभागप्रमुखाने करायचे काय? माझे उत्तर साधे आहे. अडथळे दूर करणे, हे पहिले. मानधनाचे देयक वेळेवर वर पाठवणे हे कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोठे प्रेरणाकार्य होय. दुसरे, कामात निर्णयाला जागा ठेवणे. तासिका तत्त्वावरील सहकाऱ्याला नेहमी उरलेली प्रश्नपत्रिका आणि पर्यवेक्षण देण्याऐवजी एखादी अभ्यासपत्रिका पूर्णपणे सोपवावी. त्याने कादंबरी कोणत्या बाजूने शिकवावी, हे त्याला ठरवू द्यावे. तिसरे, कामावर त्याचे नाव राहू देणे. विभागाच्या अहवालात त्याने केलेले काम 'विभागाने केले' या कर्मणीच्या धुक्यात विरून जाऊ नये.

राहिला प्रश्न स्वतःचा. 'स्वतःला प्रेरित करणे' या शब्दप्रयोगात मीच ढकलणारा आणि मीच ढकलला जाणारा, आणि ही कसरत फार काळ जमत नाही. पंधरा-वीस वर्षे तोच अभ्यासक्रम शिकवणाऱ्याला कंटाळा येतो. त्यावर सकाळी आरशासमोर उच्चारलेली वाक्ये उपाय नव्हेत. उपाय त्या आखलेल्या कागदात आहे. आजच्या दिवसात पुरी होईल एवढी एक चौकट घ्यावी, तीत निर्णय घ्यावा लागेल असा प्रश्न असावा आणि ती ज्या मोठ्या कामाचा भाग आहे, ते काम आपल्यामागेही दुसऱ्या कुणाला पुढे नेता यावे. परिचित कवितेवर विद्यार्थ्यांनी वर्षभर विचारलेल्या शंका तारखेनिशी नोंदवून ठेवणे, एवढेही पुरेसे आहे. पुढल्या वर्षी तीच कविता शिकवायची वेळ येईल तेव्हा ती वही उघडावी. शिकवायला कुणी लावले म्हणून नव्हे, शिकवते म्हणून आपण वर्गात जाऊ.