चित्रपट यायचाय, झोप मात्र गेली



काही दिवसांपूर्वी दवाखान्यात एक मुलगी आईबरोबर आली. वय २४, खासगी कंपनीत नोकरी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तक्रारी तीन: छातीत धडधडतं, दुपारी डोकं दुखतं आणि दिवसभर थकवा. येतानाच तिने तपासण्या करून आणल्या होत्या. हिमोग्लोबिन चांगलं, थायरॉईड नॉर्मल, साखर नॉर्मल, ईसीजीमध्ये काही नाही. मी तपासलं. नाडी थोडी जलद होती, बाकी सगळं ठीक. मग मी नेहमीचा प्रश्न विचारला, "झोप कशी आहे?"

मुलीच्या आधी आईच बोलली, "कसली झोप, डॉक्टर! तो कुठला सिनेमा यायचाय ना, त्याच्यापायी रात्रभर फोन. आणि त्याचं अजून शूटिंगसुद्धा सुरू झालेलं नाही!"

मुलगी ओशाळली. चित्रपट म्हणजे एक ऐतिहासिक प्रेमकथा. नायक ठरलाय, नायिका कोण हे ठरायचंय. मैत्रिणींचा ग्रुप आहे, त्यात रोज चर्चा. "सर, रात्री दोनला जाग येते तेव्हा एकदा बघते. बहुतेक वेळा काहीच नसतं. पण बघितल्याशिवाय परत झोप लागत नाही." सकाळी डोळे उघडत नाहीत म्हणून चहा. दिवसाकाठी पाच-सहा कप.

आई फी द्यायला बाहेर गेली तेव्हा तिने हळूच आणखी एक गोष्ट सांगितली. "परवा सिग्नलला स्कूटरवर डोळा लागला. मागच्याने हॉर्न दिला तेव्हा जाग आली."

हे ऐकून मात्र माझ्या छातीत धस्स झालं. झोप पूर्ववत होईपर्यंत स्कूटरला हात लावायचा नाही, बसने जायचं, हे मी तिच्याकडून कबूल करून घेतलं. आईची अपेक्षा होती की डॉक्टरांनी मुलीला चांगलं रागवावं. मी रागावलो नाही. का, तेच आज सांगायचंय.

वाट पाहणं हा आजार नाही

एखाद्या गोष्टीची आतुरतेने वाट पाहणं ही निरोगी मनाची खूण आहे. लग्नापेक्षा लग्नाची तयारी आणि सहलीपेक्षा सहलीचे बेत जास्त रंगतात, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. उलट ज्याला कशाचीच उत्सुकता उरलेली नाही, असा माणूस समोर बसला की आम्ही डॉक्टर नैराश्याची शंका घेतो. तेव्हा तरुण मुलं एखाद्या चित्रपटाची वाट पाहत असतील, त्यावर तासन्‌तास बोलत असतील, तर त्यांना "वेड लागलंय" म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. क्रिकेटच्या संघनिवडीवर वाद घालणारे काका आणि नायिका कोण यावर वाद घालणारी भाची, दोघांचं वेड एकाच जातीचं आहे.

माझा आक्षेप आहे तो वाट पाहण्याच्या आजच्या पद्धतीला. त्यातही चित्रपटाच्या पूर्वतयारीचा काळ हा झोपेसाठी सगळ्यांत वाईट. कारण नीट समजून घ्या.

बातमी थोडी, तपासणी फार

शूटिंगपूर्वी काय काय चाललेलं असतं? कादंबरीवर चित्रपट असेल तर तिचे हक्क घेणं, पटकथा, पैशांची जमवाजमव, कलाकारांच्या तारखा, लूक टेस्ट, वेशभूषा, सेटचं बांधकाम. ऐतिहासिक चित्रपटात तर दागिन्यापासून दिवाणखान्यापर्यंत सगळं नव्याने उभं करायचं असतं. या कामाला महिने, कधी वर्षं लागतात. आणि यातलं बहुतेक काम बंद दाराआड होतं. म्हणजे सांगण्यासारखी पक्की बातमी फार थोडी आणि ती केव्हा येईल याचा नेम नाही.

आपल्या सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण घ्या. 'बाजीराव मस्तानी'. ना. सं. इनामदारांच्या 'राऊ' कादंबरीवर आधारलेला हा चित्रपट संजय लीला भन्साळी यांनी २००३ च्या सुमारास जाहीर केला, तेव्हा सलमान खान आणि ऐश्वर्या राय यांची नावं होती. पुढे इतरही नावांची चर्चा होत राहिली. प्रत्यक्षात तो पडद्यावर आला १८ डिसेंबर २०१५ ला, रणवीर सिंग, दीपिका पदुकोण आणि काशीबाईंच्या भूमिकेत प्रियांका चोप्रा यांना घेऊन. मधे बारा वर्षं गेली.

आता एक सोपा हिशेब करू. या बारा वर्षांत एखाद्या चाहत्याने रोज फक्त दहा वेळा "काही नवीन आलं का?" म्हणून पाहिलं असतं, तर ते झालं ४३,८०० वेळा. त्यात खरी, पक्की बातमी किती वेळा मिळाली असती? बोटांवर मोजण्याइतकी. २००३ मध्ये आपल्या उशाशी आजच्यासारखे फोन नव्हते, हे आपलं नशीब.

त्याआधीची पिढी तर याहून जास्त थांबली. के. आसिफ यांनी 'मुघल-ए-आझम'चा घाट १९४४ मध्ये घातला. पहिल्या संचात चंद्रमोहन आणि नर्गिस होते. फाळणीनंतर पैसा लावणारे गृहस्थ पाकिस्तानात गेले, १९४९ मध्ये चंद्रमोहन वारले, आणि पुढे दिलीपकुमार-मधुबाला यांना घेऊन चित्रपट नव्याने उभा राहिला. प्रदर्शित झाला ऑगस्ट १९६० मध्ये. तेव्हाचे रसिकही उत्सुक होतेच. पण बातमी वर्तमानपत्रातून किंवा मासिकातून यायची. ती वाचून झाली की पुढचा अंक येईपर्यंत बघण्यासारखं काही नसायचं. त्या काळची माणसं जास्त संयमी होती असं मला वाटत नाही. त्यांना रात्री दोनला बघण्याची सोयच नव्हती, एवढंच.

मेंदूत काय घडतं?

'डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन' हे वाक्य तुम्ही वाचलं असेल. ते अर्धवट खरं आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर प्रयोग केले. आधी एक खूण दाखवायची आणि मग फळाच्या रसाचा थेंब द्यायचा. माकडाला याची सवय झाल्यावर डोपामिनच्या पेशी रस मिळाल्यावर नव्हे, तर खूण दिसताच उत्तेजित होऊ लागल्या. रस येणार ही चाहूलच महत्त्वाची ठरली. २००३ मध्ये त्यांच्या गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. रस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असेल, म्हणजे अनिश्चितता सगळ्यांत जास्त असेल, तेव्हा वाट पाहतानाची ही हालचालही सर्वांत जास्त असते.

त्याच्या कितीतरी आधी बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर दाखवलं होतं की, दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसेल तर कबुतर चोच मारणं थांबवत नाही. जुगाराच्या यंत्रासमोर बसलेला माणूसही याच कारणाने उठत नाही.

माणूस म्हणजे माकड किंवा कबूतर नव्हे, हे मान्य. पण साम्य लक्षात घ्या. फोनची टिंग ही खूण. बातमी हा रस. आणि पूर्वतयारीच्या काळात बातमी कधीतरीच, अवचित मिळते. एकदा शंभर वेळा बघून काही मिळत नाही आणि एकशे एकाव्या वेळी फर्स्ट लूक दिसतो. मेंदू ती एक वेळ लक्षात ठेवतो, शंभर वेळा विसरतो. म्हणून "मनावर ताबा ठेव" हा सल्ला फारसा उपयोगी पडत नाही. ही त्या मुलीच्या स्वभावातली खोट नाही. मांडणीच तशी आहे.

झोपेचं नुकसान

प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप हवी, १३ ते १८ वयाच्या मुलांना आठ ते दहा तास. रात्री फोन पाहिल्याने तीन गोष्टी होतात.

एक, झोपायची वेळ पुढे सरकते. "पाच मिनिटं" म्हणून उघडलेला फोन पाऊण तास घेतो.

दोन, स्क्रीनच्या प्रकाशाने झोपेची सूचना देणारं मेलाटोनिन थोडं उशिरा वाढतं. पण माझ्या मते प्रकाशापेक्षा मजकूर जास्त त्रास देतो. आपल्या आवडत्या नटीला वगळल्याची वावडी वाचली, खाली कुणीतरी तिला नावं ठेवलेली दिसली, की मन चिडतं, नाडी वाढते. अशा वेळी निळा प्रकाश कमी करणारा चष्मा काय करणार?

तीन, दुसऱ्या दिवशी ती झोप चहा-कॉफीने भरून काढली जाते. शरीरातलं कॅफीन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाच्या कपातलं बरंचसं रात्री अकराला रक्तात असतं. त्याने धडधड होते, झोप उशिरा लागते आणि सकाळी पुन्हा चहा. त्या मुलीचं दुखणं या चक्रात होतं.

अफवेवर औषध नको

आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवतात की संशय म्हणजे निदान नव्हे. ताप आला म्हणून लगेच टायफॉईड म्हणायचं नाही, रिपोर्ट येऊ द्यायचा. चित्रपटाच्या बातम्यांनाही हाच नियम लावा. "सूत्रांकडून समजते" ही शंका. निर्मात्याची किंवा दिग्दर्शकाची अधिकृत घोषणा हा रिपोर्ट. आणि घोषणेनंतरही चित्रपट येईलच असं नाही. करण जोहर यांनी २०१८ मध्ये 'तख्त' हा मुघलकालीन चित्रपट जाहीर केला, कलाकारांची नावंही सांगितली, पण त्याचं शूटिंगच सुरू झालं नाही. जिथे घोषणेचीही खात्री नाही, तिथे अफवेसाठी रात्री जागायचं?

मग करायचं काय?

चाहतेपण सोडा, असं मी सांगणार नाही. मी त्या मुलीला सांगितलं ते असं:

१. बातमी बघायची वेळ ठरवा. दिवसातून एकदा, शक्यतो संध्याकाळी, वीस मिनिटं. अचानक मिळणारी गोष्ट ठरल्या वेळी मिळू लागली की तिची ओढ कमी होते.

२. चित्रपटाशी संबंधित सगळ्या सूचना बंद करा. फक्त निर्मात्यांचं अधिकृत खातं ठेवा. खरी बातमी तुमच्यापर्यंत पोचल्याशिवाय राहणार नाही, तुमच्या मैत्रिणी आहेतच!

३. फोन झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावा. गजरासाठी साधं घड्याळ आणा. सगळ्यांत जास्त गुण याच उपायाने येतो असा माझा अनुभव आहे.

४. दुपारी दोननंतर चहा-कॉफी नको. सहा कपांवरून एकदम शून्यावर येऊ नका, डोकं दुखेल. दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करा.

५. वाट पाहण्याचं काहीतरी करा. 'बाजीराव मस्तानी'च्या त्या बारा वर्षांत ज्यांनी 'राऊ' वाचली, त्यांच्या हाती चित्रपट येण्याआधीच काहीतरी लागलं होतं. ज्या काळावर चित्रपट आहे, त्या काळाचा इतिहास, वेशभूषा, संगीत यांबद्दल वाचा. चित्रपट रखडला तरी हे वाया जात नाही.

पालकांनाही एक विनंती. फोन हिसकावून घेऊ नका, टोमणे मारू नका. कुठला चित्रपट, कोण दिग्दर्शक, गोष्ट काय, हे एकदा विचारून तर बघा. ज्या घरात या विषयावर जेवताना बोलता येतं, तिथे रात्री पांघरुणात फोन घेऊन बसायची गरज कमी पडते.

डॉक्टरांकडे कधी यावं?

धडधडीबरोबर चक्कर, छातीत दुखणं, दम लागणं किंवा शुद्ध हरपणं असेल, तर फोनला दोष देत घरी बसू नका, लगेच तपासून घ्या. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप लागत नसेल आणि असं तीन महिने चाललं असेल, तर तो निद्रानाश आहे, त्यावर उपचार आहेत. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तरीही या. फोनवर बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. झोपेच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने किंवा शेजाऱ्यांच्या डब्यातून घेऊ नका.

ती मुलगी तीन आठवड्यांनी परत आली. चहा दोन कपांवर आलाय, धडधड थांबली आहे, फोन रात्री स्वयंपाकघरात असतो. शनिवारी रात्री नियम मोडतो, हे तिने प्रामाणिकपणे सांगितलं. मी म्हटलं, चालेल, रविवारी सुट्टी असते. स्कूटरची परवानगी आणखी दोन आठवड्यांनी.

निघताना मीच विचारलं, "मग, नायिका ठरली का?"

"नाही हो सर, अजून नाही."

"बघ, तू झोपलीस म्हणून काही चुकलं नाही."