सामाईक मालाची राखण

संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या जगभरच्या श्रमिकांच्या हाती 'गिट' नावाचे एक साधन आहे. आज्ञावलीत कोणी, केव्हा, कोणता बदल केला याची ती जणू फेरफाराची नोंदवही. आणि तिची पूर्वेतिहासासह प्रत प्रत्येकापाशी राहू शकते. २००५ साली 'बिटकीपर' या तशाच साधनाच्या मालक कंपनीने फुकट वापराची सवलत काढून घेतली, तेव्हा लिनस टोरव्हाल्ड्स यांनी 'गिट' घडवून सर्वांसाठी मोकळे केले. मालकाची मेहेरबानी आणि सामाईक हक्क यांतील फरक इतका उघड क्वचितच दिसतो.

मे २०२४ मध्ये या साधनात एक गंभीर भगदाड आढळले. नोंदवहीत दुसरी नोंदवही लबाडीने गुंफून ठेवली असेल, तर नुसती प्रत उतरवून घेतानाच परक्याचा हुकूम आपल्या यंत्रावर चालू शकत असे. विंडोज व मॅक या प्रणाली फायलींच्या नावांतील लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांत सहसा भेद करीत नाहीत, त्याचा हा गैरफायदा. दुरुस्ती लगोलग प्रसिद्ध झाली. मात्र ज्याने ती बसविली नाही, त्याचे दार उघडेच राहिले.

'मालकाविना माल म्हणजे बेवारस माल', असा निष्कर्ष काढणारे आता पुढे येतील. गडचिरोलीच्या वाचकाला हा युक्तिवाद नवा नाही. मेंढा-लेखा ग्रामसभेला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकारही आला. चंद्रपुरात पाचगावनेही तीच वाट धरली. तेथील जंगल बेवारस झाले नाही, कारण राखणीचे नियम गावाने स्वतः केले आणि पाळले.

'गिट'ची अडचण निराळी आहे. त्याच्या राखणदारांपैकी अनेकजण गूगल, मायक्रोसॉफ्ट अशा मक्तेदार कंपन्यांचे पगारी नोकर आहेत. त्यांनी काम चोख केले, हे मान्यच करावे लागेल. पण राखणदाराचा पगार एकट्या सावकाराने द्यावा, ही व्यवस्था कोणती ग्रामसभा पत्करील?

केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त आज्ञावली स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. फुकट घ्यायचे आणि राखणीला एकही माणूस द्यायचा नाही, याला धोरण म्हणता येत नाही. गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे; या दोन जिल्ह्यांतील मुलेमुली संगणकशास्त्र शिकत आहेत. अशा सामाईक आज्ञावली तपासण्याचे व दुरुस्त करण्याचे काम त्यांना सरकारी वेतनावर मिळावे, ही मागणी पक्षाने विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात मांडावी.